मागचा ब्रेक

मी माहेरच्या फाटकाची कडी काढत होते, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आण्णांच्या मोटरसायकलचा ब्रेक वाजला. पाटीवर उलटी पेन्सिल घासावी तसा आवाज. समोरच्या ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या चिंगूकाकींनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मला बघून म्हणाल्या, "आलीस बाई एकदाची! आधी त्या फटफटीचं तोंड बंद कर."

आण्णा गाडीवरून उतरले. अंगात इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, दाढी गुळगुळीत. घरात बनियनवर वावरणारा हा माणूस साध्या शुक्रवारी संध्याकाळी असा नटून कुठून येतोय, हा प्रश्न माझ्या डोक्यात लगेच उभा राहिला.

"कुठून आलात?" मी विचारलं.

"हे काय, कोपऱ्यावरनं. दूध आणाय गेलतो."

त्यांच्या हातात दूध नव्हतं.

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी लपवत नाही. घरात मला सगळे फौजदार म्हणतात. पण या खेपेला संशयाला कारण होतं. आमचे आण्णा फलटणच्या एसटी डेपोत हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. उभा जन्म बसगाड्यांचे ब्रेक उघडण्यात गेलेला. आणि दोनच दिवसांपूर्वी त्यांनी साताऱ्याला मला फोन केला होता, "हेमे, मागचा ब्रेक वाजतोय. येऊन बघून जा." एवढंच बोलून ठेवूनही दिला. मी शाळेत गणित शिकवणारी बाई. लहानपणी दादाला तेलकट हात आवडायचे नाहीत, म्हणून आण्णांनी पान्हे माझ्या हातात दिले होते, एवढंच माझं शिक्षण. स्वयंपाक्यानं भाताला पाणी किती घालू म्हणून शेजारणीला विचारावं, तसला हा फोन होता.

त्याच दिवशी पुण्याहून सदादादाचाही फोन आला. तो आधीच तापलेला.

"आण्णा दुपारदुपार घरी नसतात. चिंगूकाकींनी सांगितलं मला. त्या वयात त्या भंगारावर बसून जातात कुठं? कुणीतरी त्यांना नादाला लावलंय, हेमा. घरावर डोळा असणार. उद्या कशावर तरी सही करून बसले म्हणजे?"

"तू विचारलंस त्यांना?"

"मला ते काय सांगणार? तू जा आणि छडा लाव. रविवारी मी गाडी घेऊन येतोय. काही वेडंवाकडं निघालं तर त्यांना सरळ पुण्याला आणतो. फटफटी देऊ कुणालातरी आणि घराला कुलूप."

आण्णा पुण्याला एकदा राहून आले होते. आई गेली त्या वर्षी. दादाच्या फ्लॅटमधले सगळे नळ त्यांनी पहिल्या आठवड्यात दुरुस्त केले आणि मग करायला काही उरलं नाही, तसे जिन्यात बसून लिफ्टच्या मोटरचा आवाज ऐकत राहिले. परत आले तेव्हा अर्धे झाले होते. त्यांना पुन्हा तिकडं नेलं तर ते फार दिवस काढणार नाहीत, हे मला कळत होतं. पण कुणी त्यांना फसवत असेल तर इथं ठेवणंही बरं नव्हतं. मी काय शोधून काढते, त्यावर सगळं होतं.

रात्री जेवताना आण्णांनी स्टीलचा एक डबा पुढे सरकवला. आत पुरणपोळ्या. कडा पातळ, पुरण पार टोकापर्यंत गेलेलं. मी झाकण उलटं केलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत किती उपयोगाची आहे, ते अशा वेळी कळतं. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी लिहिलं होतं : शालन.

"हा डबा कुणाचा?"

"गिरणीतनं आलाय."

"गिरणीतून पीठ येतं, आण्णा. पुरणपोळ्या येत नाहीत."

"येत्यात कदीमदी," म्हणून ते उठले. उठताना त्यांनी कंबर धरली. सबंध घराला बामाचा वास का येतोय ते मला तेव्हा कळलं.

"कंबरेला काय झालं?"

"पोतं उचललं."

"कसलं?"

"गव्हाचं."

मी मागून जाऊन कोठी उघडून बघितली. गहू तळाला लागले होते.

शालनबाई जगदाळेंना मी ओळखत होते, म्हणजे तोंडओळख. बाजारपेठेच्या मागं त्यांची पिठाची गिरणी. नवरा गेल्यावर त्यांनी ती एकटीनं चालवली. मूलबाळ नाही. उंच, दणकट बाई, बोलणं गिरणीच्या आवाजावर मात करण्याइतकं मोठं. म्हणजे घरावर डोळा असणारं माणूस सापडलं होतं. मला तर दादाला लगेच फोन करावासा वाटला. पण नुसत्या पोळ्यांवरून माणूस पकडता येत नाही.

सकाळी मी मोटरसायकल परसात चिंचेखाली घेतली. लाल जावा, चौसष्ट सालची, माझ्याहून एका वर्षानं मोठी. आण्णा स्टूल घेऊन शेजारी बसले. हातात चहा, नजर चिंचेत.

"तुम्हीच का नाही उघडलात?" मी विचारलं.

"नजर कमी झालीय."

पण मी हात पुढे केला की बघायच्या आत ते हवा तोच पान्हा देत होते.

खाली बसल्यावर गाडी बोलायला लागली. मीटरची केबल खालून सोडवून तारेनं गुंडाळून ठेवली होती. दादा आला की आधी मीटर बघायचा, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मागच्या सीटच्या पायठेवणीवरची धूळ पुसलेली होती. आणि डाव्या बाजूला, जिथं आईची साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी लावलेली असायची, तिथल्या बोल्टांच्या जागा चकचकत होत्या. आई गेल्यावर आण्णांनी ती जाळी काढून ठेवली होती. त्या जागा इतकी वर्षं गंजून काळ्या पडल्या होत्या. जाळी परत चढली होती आणि मी येणार म्हणून परत उतरली होती.

म्हणजे आईच्या जागेवर ती गिरणीवाली बसत होती तर.

मी पान्हा उचलला. ब्रेकचा रॉड सोडवला. ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून एक पट्टी असते, तिच्या बोल्टात आडवी स्प्लिट पिन घालून टोकं वाकवलेली असतात. ती सरळ करून ओढली. एका झटक्यात आली. पुढं अॅक्सल काढून चाक बाहेर घेतलं, आडवं ठेवलं आणि प्लेट उचलली.

ड्रम पिवळा होता.

ब्रेकच्या ड्रममध्ये काळी भुकटी असते. चाकाला आतून दाबणारे लायनर झिजून झिजून पडलेली, काजळीसारखी. इथं त्या काळ्यावर पिवळं बसलेलं. लायनरवर, स्प्रिंगांच्या खाचांत, सगळीकडं. मी बोट फिरवून नाकाशी नेलं. हळद. आमचं कुलदैवत खंडोबा. हा वास मला झोपेतसुद्धा कळला असता.

"जेजुरीला गेला होता?"

आण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. "गेलतो."

"या गाडीवर?"

"व्हय."

"एवढ्या लांब, या कंबरेनं?"

"जाताना कंबर बरी हुती."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते चिंचेकडे. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट शेजारी येऊन बसायला लागली. जाळी. पुरणपोळ्या. जेजुरी. आणि कंबर. आमच्यात लग्न झालं की जोडीनं जेजुरीला जायचं, आणि गड चढताना नवऱ्यानं नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या. माझ्या लग्नात आमच्या ह्यांची तिसऱ्या पायरीवर भंबेरी उडाली होती आणि आण्णा खाली उभे राहून पोट धरून हसले होते.

"आण्णा," मी म्हटलं, "पायऱ्या किती चढलात?"

"सगळ्या."

"उचलून किती?"

त्यांचा हात कंबरेवर गेला. मग म्हणाले, "पाच. पाचवी जरा जड गेली."

मी हातातली प्लेट खाली आपटली. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. आईचं नाव घेतलं एवढं आठवतं. लोक काय म्हणतील हेही म्हणाले असेन. मान खाली घालून आण्णा चाकाकडे बघत बसले. मला त्यांचा राग आला होता आणि लग्नात आपल्याला बोलावलं नाही याचं वाईटही वाटत होतं. यातलं जास्त कोणतं, ते ठरेना. तशाच तेलकट हातांनी मी निघाले ती थेट गिरणीत.

शालनबाई पट्टा बंद करून जात्याभोवतीचं पाळं झाडत होत्या. भुवयांवर पीठ. मला बघून त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या हातांकडे बघितलं.

"उघडलास वाटतं ब्रेक," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला काय हवंय?" मी सरळच विचारलं. "घर?"

"कुणाचं?"

"आमचं."

"त्या घराला संडास मागल्या दारी हाय आणि पावसात माजघर गळतंय. माझं घर स्लॅबचं हाय, हेमा. वर ही गिरणी." त्यांनी हातातला झाडू टेकवला. "मलाच इचारू दे, तुझ्या भावाचा माझ्या गिरणीवर डोळा न्हाई ना?"

मी तेलाचे हात पाठीमागे नेले.

"बस," त्या म्हणाल्या आणि पोत्यावरचं पीठ हातानं झाडलं. मी बसले नाही, तशा त्याच बसल्या. "ह्या गिरणीची मोटर जळाली तवा तुझे आण्णा आले. नीट करून दिली. परत आले, ती कशी चाललीय बघाय. मग रोजच बघाय लागले. मी म्हटलं, मोटर चांगली चाललीय, तुमी बसा, चा घ्या." त्या थोडं हसल्या. "लगीन देवळात केलं. जेजुरीला गेलो. पर म्या त्यांच्या घरात पाऊल टाकल्यालं न्हाई. म्हटलं, ज्या घरात तुमची पोरं वाढली, तितं मी चोरून यायची न्हाई. आधी हेमाला सांगा. मग पोराला. मग मी उजळ माथ्यानं येते."

"मग सांगितलं का नाही?"

"त्येच तर. तुला फोन लावला तवा मी शेजारीच हुते. घाम फुटला मानसाला. 'हेमे' म्हणाले, आणि मग काय, तर 'मागचा ब्रेक वाजतोय'. फोन ठिवून दिला आणि बसले कपाळाला हात लावून. मी म्हटलं, अवो, ब्रेक कुटं वाजतोय?"

"म्हणजे?"

"म्हंजे त्या दिवशी वाजत नव्हता," शालनबाई म्हणाल्या. "काल वाजाय लागला."

मी परत आले तेव्हा आण्णा तिथंच बसले होते. चाक तसंच पडलेलं. मी पुन्हा खाली बसले आणि कामाला लागले. वर्तमानपत्रावर सगळी भुकटी झटकून घेतली. भंडारा उकिरड्यावर टाकत नाहीत, म्हणून कागदाची पुडी करून तुळशीपाशी ठेवली. पॉलिश पेपरनं लायनर घासून त्याची चकाकी घालवली, कडा जरा उतरवल्या, ड्रम कोरड्या फडक्यानं पुसला. चाक चढवलं, पट्टी बसवली आणि स्प्लिट पिनेसाठी हात पुढे केला.

आण्णांनी खिशातून एक नवीन पिन काढून दिली. मी ती घेतली, आणि सकाळी काढून बाजूला ठेवलेल्या पिनेकडे माझं लक्ष गेलं. तीही नवीच होती. रस्त्याचा चिखल लागला नव्हता, टोकांना गंजाचा ठिपका नव्हता.

निघालेली पिन परत घालायची नाही, हे आण्णांनी मला शिकवलेलं पहिलं कलम. दोनदा वाकलेली पिन वेळेला तुटते आणि वर माणूस बसलेला असतो. डेपोत कुणी जुनी पिन परत घातली की ते अख्खं चाक पुन्हा उघडायला लावायचे. आता खोटेपणा करतानाही त्यांनी तो नियम मोडला नव्हता.

"हा ड्रम आधी कुणीतरी उघडला होता," मी म्हटलं.

आण्णा स्टुलावर जरा मागं सरकले.

"जेजुरीला कितीही भंडारा उधळला तरी एवढा आत जात नाही. कुणीतरी हातानं घातलाय. आण्णा, ब्रेकमध्ये हळद? तुम्ही? रस्त्यावर काही झालं असतं म्हणजे?"

"मागचा हुता," ते पुटपुटले. "फुडला ठीक हाय. आणि कोपऱ्यापर्यंतच न्हेली, तू येताना तुला ऐकू जावा म्हणून."

"पण का?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते.

"मला बोलाय जमंना, हेमे. फोनवर जीभच उचलंना. म्हटलं, तू ड्रम उघडशील. उघडल्यावर तुला संशय येईल. तुला संशय आला, की तू सोडत न्हाईस. मंग मला काय सांगायलाच नको."

माझ्या संशयी स्वभावाला लहानपणापासून सगळ्यांनी नावं ठेवली होती. त्यावर इतका भरवसा टाकणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. मी पिन घातली, टोकं वाकवली आणि मग रडले. आण्णा शेजारी बसून माझ्या पाठीवर थोपटत राहिले. थोड्या वेळानं मी विचारलं, "जाळी कुठं ठेवलीय?"

"माळ्यावर. घोंगडीत."

"काढा. नको, कंबर आहे. मीच काढते."

जाळी लावताना त्यांनीच बोल्ट धरून दिले. आम्ही दोघं आईबद्दल बोललो. आई या गाडीवर बसताना दर वेळी आधी चाकाला नमस्कार करायची, ते त्यांनी सांगितलं. मला ते माहीत नव्हतं.

"दादाला मी सांगू?" मी विचारलं.

"तू सांग," ते चटकन म्हणाले.

"नाही. माझ्यासाठी ब्रेक होता, मला कळलं. त्याला तुम्ही तोंडानं सांगायचं."

त्यांनी नुसती मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते कळलं नाही.

रविवारी सकाळी मी मोटरसायकल काढून गिरणीवर गेले. शालनबाई हिरवं लुगडं नेसून, हातात एक पिशवी घेऊन पायरीवर उभ्याच होत्या. एका अंगाला बसल्या, पदर आवरून जाळीच्या वर घेतला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "सावकाश घे गं."

गल्लीत वळले तर फाटकाशी दादाची गाडी. तो ठरल्यापेक्षा लवकर आला होता. अंगणात आण्णांसमोर उभा राहून बोलत होता, त्याची पाठ आमच्याकडे. ओसरीवर आण्णांची जुनी वळकटी आणि ट्रंक बाहेर काढून ठेवलेली. आण्णा खांबाला टेकून उभे, आणि डोळे गल्लीच्या तोंडाकडे.

मी फाटकापाशी ब्रेक दाबला. गाडी गुपचूप थांबली. चिंगूकाकींच्या शेंगा फोडल्याचा आवाज तेवढा येत होता. दादाला आम्ही आलोय हे कळलंसुद्धा नाही. आण्णा बघत होते म्हणून त्यानं मागं वळून बघितलं. आधी मी दिसले, मग शालनबाई, मग जाळी.

"ह्या कोण?" त्यानं मला विचारलं.

मी तोंड उघडलं नाही. शालनबाई फाटकाच्या बाहेरच उभ्या राहिल्या. पिशवीचे बंद त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण त्याही काही बोलल्या नाहीत. आण्णांनी मोटरसायकलच्या मागच्या चाकाकडे बघितलं. तिथून आता काही आवाज येणार नव्हता.

ते पायरी उतरले. कंबर धरून, सावकाश. दादाच्या शेजारून पुढं गेले आणि त्यांनी फाटक सताड उघडलं.

"ही शालन," आण्णा म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला, की चिंगूकाकींच्या हातातली शेंग खाली पडली. "माझी बायको. ट्रंक आत ठिव, सदा. मी कुटं येत न्हाई."